नभोवाणीचे वर्षासन

१९६७ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, परस्परांशी काडीचाही संबंध नसलेल्या आणि तरीही एकीपुढे दुसरी ठेवून पाहाव्या अशा दोन घटना घडल्या. १ नोव्हेंबर रोजी मुंबई, पुणे आणि नागपूर या आपल्या केंद्रांवरून विविध भारतीने जाहिराती देण्यास प्रारंभ केला, आणि जी आकाशवाणी तोवर सरकारी तिजोरी व श्रोत्यांचे परवाना-शुल्क यांवर आपला संसार चालवीत आली होती तिने व्यापाऱ्यांसाठी आपले दार प्रथमच किलकिले केले. त्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी वॉशिंग्टन येथे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी एका कायद्यावर स्वाक्षरी केली, आणि ज्या अमेरिकेत नभोवाणी व दूरचित्रवाणी या दोघी जवळजवळ जन्मापासून व्यापाऱ्यांच्याच घरी नांदत होत्या त्या अमेरिकेत जाहिरातीवाचून चालणाऱ्या प्रसारणाला सरकारी खजिन्यातून नियमित द्रव्यसाहाय्य देण्याची वहिवाट सुरू झाली. ही वहिवाट अठ्ठावन्न वर्षे टिकली. २०२५ च्या जुलैमध्ये, अवघ्या तीन-तीन मतांच्या फरकाने, ती मोडली गेली.

ती का मोडली याचा शोध पक्षोपपक्षांच्या वैरात घेणारे पुष्कळ आहेत, आणि ते वैर काही खोटे नाही. परंतु मला स्वतःला असे वाटते की खरे कारण द्रव्य किती दिले यात नसून, आणि कोणाच्या अमदानीत दिले यातही फारसे नसून, ते ज्या रीतीने दिले गेले त्या रीतीतच अधिक आहे. पेशवाईत शास्त्रीपंडितांचा योगक्षेम चालविण्याच्या दोन रीती होत्या. एकाला इनाम मिळे. सनद हाती आली की जमिनीचे उत्पन्न त्याचे, आणि मग सरकारवाड्याकडे दरसाल तोंड वेंगाडण्याचे त्याला प्रयोजन उरत नसे. दुसऱ्याला वर्षासन मिळे. ते कधीकधी इनामाच्या उत्पन्नापेक्षा जास्तही असे, परंतु दर साली दप्तरात आपले नाव कायम आहे की नाही, कारभाऱ्याची मर्जी फिरली तर नाही ना, ही धास्ती त्याच्या मानेवर कायमची बसलेली असे. अमेरिकेतील सार्वजनिक नभोवाणीला व दूरचित्रवाणीला जे मिळाले ते वर्षासन होते. इनाम देण्याची शिफारस झाली होती, पण ती मान्य झाली नाही.

ती शिफारस १९६७ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या कार्नेगी आयोगाच्या अहवालात आहे. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठाचे जेम्स किलियन हे त्या आयोगाचे अध्यक्ष होते. आयोगाचे म्हणणे असे की, कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक दूरचित्रवाणी-संचावर प्रारंभी २ टक्के आणि पुढे वाढवीत ५ टक्क्यांपर्यंत उत्पादनशुल्क बसवावे, आणि ती रक्कम अंदाजपत्रकाच्या वार्षिक ओढाताणीत न सापडता थेट एका न्यासाकडे जावी, म्हणजे प्रसारण करणाऱ्यांना राज्यकर्त्यांच्या कृपादृष्टीची वाट पाहावी लागणार नाही. कायदेमंडळाने आयोगाची बाकीची योजना बव्हंशी उचलली आणि नेमका हा भाग खाली ठेवला. एखाद्या विशिष्ट कामासाठी राखून ठेवलेला कर कोणत्याच कायदेमंडळाला आवडत नाही, कारण असा कर म्हणजे आपल्या हातातली किल्ली दुसऱ्याच्या हाती देणे होय. मग 'कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग' या नावाचे महामंडळ स्थापन झाले. त्याने स्वतःची केंद्रे चालवू नयेत, सरकार आणि केंद्रे यांच्यामध्ये उभे राहून द्रव्य वाटावे आणि सरकारचा रोष आपल्या अंगावर घ्यावा, अशी त्याची रचना होती. त्याचे १५ संचालक राष्ट्राध्यक्षांनी नेमावयाचे, परंतु त्यांतले ८ हून अधिक एका पक्षाचे नसावेत, अशीही खबरदारी घेतलेली होती. मूळ मसुदा तर केवळ दूरचित्रवाणीपुरता होता. नभोवाणीचा समावेश त्यात अखेरच्या टप्प्यावर झाला. त्या उशिरा सुचलेल्या दुरुस्तीतूनच पुढे १९७० मध्ये नॅशनल पब्लिक रेडिओ, म्हणजे एनपीआर, ही संस्था जन्मली. सगळी खबरदारी घेतली गेली. फक्त पैसा कोठून येणार ही बाब 'पुढे पाहू' म्हणून राहिली, आणि ती अखेरपर्यंत तशीच राहिली.

संचांवर कर बसवून प्रसारण पोसण्याची ही कल्पना आपल्याला अपरिचित वाटण्याचे कारण नाही, कारण तिचा प्रयोग मुंबईत फार पूर्वी होऊन गेलेला आहे. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईत ज्या इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचे उद्घाटन झाले, तिचा चरितार्थ अशाच इनामावर बेतलेला होता: श्रोत्याने सालीना १० रुपयांचा परवाना घ्यावा, त्यातले ८ रुपये कंपनीस मिळावेत, शिवाय आयात होणाऱ्या यंत्रसामग्रीच्या किमतीवर १० टक्के पट्टी तिच्या पदरात पडावी. सनद होती, पण गाव उजाड होते. १९२९ साल संपले तरी परवान्यांची संख्या ८ हजारांपर्यंत पोहोचली नव्हती, आणि १ मार्च १९३० रोजी कंपनीचे दिवाळे वाजले. सरकारने केंद्रे ताब्यात घेतली, १९३१ च्या ऑक्टोबरात काटकसरीचे कारण पुढे करून ती बंद करण्याचा हुकूम काढला, आणि त्यावर इतका गिल्ला झाला की पुढच्याच महिन्यात तो हुकूम मागे घ्यावा लागला. सेवा कायम ठेवण्याचा निर्णय १९३२ च्या मे महिन्यात झाला, तोही रेडिओ-संचांवरील आयात जकात ५० टक्क्यांवर नेल्यानंतर. जे करण्याचे धैर्य अमेरिकेच्या संपन्न कायदेमंडळाला १९६७ मध्ये झाले नाही, ते दिल्लीच्या कडकीत सापडलेल्या अर्थखात्याने पस्तीस वर्षांपूर्वी, नाइलाजाने का होईना, करून टाकले होते.

आता वॉशिंग्टनकडे परत वळू. महामंडळाला १९६९ च्या आर्थिक वर्षासाठी मिळालेली पहिली रक्कम होती ५० लाख डॉलर. पुढील वर्षासाठी २ कोटींची मागणी होती आणि नवे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचे सरकार ती निम्म्यावर आणू पाहत होते. १ मे १९६९ रोजी सेनेटच्या दळणवळण उपसमितीपुढे या मागणीची सुनावणी चालली होती. अध्यक्षस्थानी ऱ्होड आयलंडचे सेनेटर जॉन पास्टोर होते. मनुष्य तापट, स्पष्टवक्ता, आणि साक्षीदारांनी लिहून आणलेली लांबलचक निवेदने ऐकून कंटाळलेला. अशा वेळी पिट्सबर्गच्या डब्ल्यूक्यूईडी केंद्रावरून मुलांसाठी कार्यक्रम करणारे फ्रेड रॉजर्स त्यांच्यासमोर येऊन बसले. रॉजर्स हे दीक्षा घेतलेले प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक. आवाज असा की खोलीतल्या कोणालाही घाई करावीशी वाटू नये. त्यांनी आपले निवेदन वाचून दाखविलेच नाही. आपण ते वाचाल असा माझा विश्वास आहे, असे म्हणून ते बाजूस ठेवले आणि ते बोलू लागले. आपल्या अर्ध्या तासाच्या एका कार्यक्रमाला ६,००० डॉलर लागतात आणि तेवढ्या पैशात व्यंगपटाची दोन मिनिटेही धड तयार होत नाहीत, हे त्यांनी सांगितले. मुलाला आपल्या भावनांबद्दल बोलता येते आणि त्या आवरताही येतात, एवढे जरी दूरचित्रवाणीने त्याच्या मनावर ठसविले तरी ती देशाच्या मानसिक आरोग्याची मोठी सेवा होईल, असे सांगितले. आणि अखेरीस, राग आला असता काय करावे या विषयावरचे आपले एक गाणे त्यांनी चालीवाचून, नुसते शब्द म्हणून दाखविले. हे सारे जेमतेम सहा-सात मिनिटांत आटोपले. पास्टोर यांनी आपल्या अंगावर काटा उभा राहिल्याची कबुली दिली, आणि तुम्ही हे २ कोटी कमावलेत, अशा अर्थाचे उद्गार काढले.

या प्रसंगाची चित्रफीत आजही लोक आवडीने पाहतात, आणि सार्वजनिक प्रसारणाच्या बाजूने बोलावयाचे झाले की तिचा दाखला हटकून दिला जातो. तो देण्यास हरकत नाही. मात्र ज्याला जमाखर्चाच्या वह्या पाहण्याची खोड आहे त्याने आणखी एक पान उलटावे. १९७० च्या आर्थिक वर्षासाठी महामंडळाच्या हाती प्रत्यक्षात जी तरतूद पडली ती १ कोटी ५० लाखांची होती. आदल्या वर्षाच्या तिप्पट, हे खरे. परंतु अमेरिकन पद्धतीत एक समिती खर्चाची मर्यादा मंजूर करते आणि दुसरी समिती प्रत्यक्ष द्रव्य देते, आणि पहिलीच्या डोळ्यांत आलेले पाणी दुसरीच्या वहीत उतरत नाही. वक्तृत्वाने वर्षासन वाढते. त्याचे इनाम होत नाही.

निक्सन यांचा राग यानंतर अधिकच भडकला. १९७१ मध्ये पीबीएस या दूरचित्रवाणी-जाळ्याच्या राजकीय कार्यक्रमांसाठी सँडर व्हॅनोकर व रॉबर्ट मॅकनील या दोन नावाजलेल्या वार्ताहरांची नेमणूक झाली, ती त्यांना मुळीच रुचली नाही, आणि ३० जून १९७२ रोजी त्यांनी महामंडळाला दोन वर्षांचे साहाय्य देणारे विधेयक नकाराधिकार वापरून परत पाठविले. दाखविलेले कारण वरकरणी सयुक्तिक होते: सत्ता वॉशिंग्टनमध्ये एकवटते आहे आणि गावोगावच्या केंद्रांची उपेक्षा होते आहे. पुढल्याच वर्षी, मे १९७३ पासून, वॉटरगेट प्रकरणाच्या सेनेटमधील सुनावण्या पीबीएसने रात्री संपूर्णपणे दाखविल्या, आणि त्या दाखविण्यात हेच मॅकनील, जिम लेहरर यांच्यासह, पुढे होते. घरोघरचे लोक मध्यरात्र उलटेपर्यंत जागून त्या पाहत आणि दुसऱ्या दिवशी आपल्या गावच्या केंद्राकडे देणग्या धाडीत. नकाराधिकाराने जे मेले नाही ते नकाराधिकार वापरणाऱ्याच्या चौकशीने धष्टपुष्ट झाले, असा हा काव्यगत न्याय.

या अनुभवातून एक शहाणपण निपजले. ३१ डिसेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने, केंद्रांनी स्वतः जमविलेल्या प्रत्येक अडीच डॉलरमागे सरकारने एक डॉलर द्यावा असे प्रमाण घातले, आणि पुढे तरतूद दोन वर्षे अगोदर मंजूर करण्याची पद्धत पडली. म्हणजे आज केलेल्या वृत्तकथनाचा सूड उद्याच्या अनुदानावर उगविता येऊ नये. ही तडजोड हुशारीची होती. परंतु आगाऊ दिलेले परतही घेता येते, हे रेगन यांच्या अमदानीतच दिसून आले: १९८३ सालासाठी मंजूर झालेल्या १७ कोटी २० लाखांमधून साडेतीन कोटी काढून घेण्यात आले. १९९५ मध्ये प्रतिनिधिगृहाचे सभापती न्यूट गिंग्रिच यांनी सगळेच अनुदान बंद करण्याची भाषा केली. २०११ मध्ये त्याच गृहाने एनपीआरला सरकारी पैसा मिळू नये असे विधेयक संमत केले, ते सेनेटमध्ये अडले. प्रत्येक वेळी श्रोत्यांची पत्रे आली, आणि वर्षासन वाचले.

हे वर्षासन होते तरी किती? अखेरच्या वर्षांत ५३ कोटी ५० लाख डॉलर. दर माणशी वर्षाला दीड डॉलरच्या थोडे वर. महामंडळाने स्वतःच्या कारभारावर ५ टक्क्यांहून अधिक खर्च करू नये असा कायद्याचा निर्बंध होता, आणि ७० टक्क्यांहून अधिक रक्कम देशभरच्या सुमारे दीड हजार स्थानिक केंद्रांकडे सरळ जात असे. ज्या एनपीआरच्या नावाने सर्वांत मोठा ओरडा, तिच्या उत्पन्नात सरकारकडून थेट येणारा भाग १ टक्क्याच्या आसपास होता. पीबीएसच्या बाबतीत तो १५ टक्क्यांच्या घरात. न्यूयॉर्क वा बोस्टन येथील केंद्र श्रीमंत श्रोत्यांच्या देणग्यांवर आणि उद्योगसंस्थांच्या आश्रयावर जगू शकते. ज्या केंद्राच्या टापूत माणसांपेक्षा कोल्हे अधिक, त्याने देणगी मागावी कोणाकडे? संगीताच्या हक्कांचे करार सर्व केंद्रांच्या वतीने महामंडळ एकत्रित करीत असे, कार्यक्रम उपग्रहामार्फत पोहोचविण्याच्या व्यवस्थेला तेच हातभार लावीत असे. ही कामे श्रोत्याच्या कानावर कधी येत नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्यासाठी कोणी पत्रेही लिहीत नाही.

विरोधकांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. या केंद्रांचा कल डावीकडे आहे, शहरी सुशिक्षितांच्या आवडीनिवडींना तेथे झुकते माप मिळते, आणि ज्याला ते मान्य नाही त्या करदात्याने त्याचा भार का वाहावा, हा प्रश्न रास्त आहे. विल्यम बकली यांच्यासारख्या कट्टर परंपरावाद्याचा वादसंवाद पीबीएसवरूनच वर्षानुवर्षे देशभर दाखविला गेला हे सांगून एनपीआरच्या आजच्या वृत्तकक्षाबद्दलच्या तक्रारीला उत्तर मिळत नाही. माझे मत एवढेच की, तक्रार वॉशिंग्टनच्या वृत्तकक्षाविरुद्ध होती आणि शिक्षा दूरच्या खेड्यातल्या मनोऱ्याला झाली. आरोपी एक आणि जप्ती दुसऱ्याच्या घरावर, असा हा निवाडा आहे.

निवाड्याची हकीकत थोडक्यात अशी. १ मे २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एनपीआर व पीबीएस यांना पैसा देणे थांबवावे असे फर्मान काढले. जूनमध्ये, आधीच मंजूर झालेली दोन वर्षांची सुमारे १ अब्ज १० कोटी डॉलरांची तरतूद परत घेण्याचा प्रस्ताव कायदेमंडळाकडे धाडला. येथे पद्धतीचे महत्त्व ध्यानी घ्यावे. सेनेटमध्ये नवी तरतूद करावयाची तर वादविवाद संपविण्यासाठी १०० पैकी ६० मते जमवावी लागतात, म्हणून विरोधी पक्षालाही विश्वासात घ्यावे लागते. परंतु १९७४ च्या एका कायद्यान्वये, दिलेली तरतूद मागे घेण्यास निव्वळ बहुमत पुरते. द्यावयाला दोन पक्ष लागावेत आणि काढून घ्यायला एक पुरावा, अशा पायावर उभी असलेली इमारत इतकी वर्षे उभी राहिली याचेच नवल करावे. सेनेटमध्ये ५१ विरुद्ध ४८ आणि प्रतिनिधिगृहात २१६ विरुद्ध २१३ अशा मतांनी प्रस्ताव संमत झाला, आणि २४ जुलै रोजी त्यावर स्वाक्षरी झाली. आठ दिवसांत महामंडळाने आपला कारभार आवरता घेत असल्याचे जाहीर केले. बहुतेक कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या सप्टेंबरअखेर संपल्या.

सेनेटमध्ये ही चर्चा चालू असतानाच, १६ जुलै रोजी, अलास्काच्या किनाऱ्याजवळ ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्सुनामीचा इशारा देण्यात आला. अलास्काच्या सेनेटर लिसा मर्कोव्स्की, ज्या सत्ताधारी पक्षाच्या असूनही प्रस्तावाच्या विरुद्ध होत्या, त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना हेच दाखवून दिले की किनाऱ्यावरच्या लोकांना उंचावर जा म्हणून सांगणारी केंद्रे ती हीच. साउथ डकोटाचे सेनेटर माइक राउंड्स यांनी आपल्या राज्यातील आदिवासी वस्त्यांच्या केंद्रांसाठी दुसऱ्या खात्यातून पैसा मिळण्याचे आश्वासन पदरात पाडून मग प्रस्तावाला मत दिले. वर्षासन गेले तरी खासगीतून थोडा शिधा मिळावा, अशातला हा प्रकार. अलास्कातील बेथेल या गावी केवायूके नावाचे केंद्र १९७१ पासून इंग्रजी आणि युपिक या दोन भाषांत बोलत आले आहे. तेथल्या गावांना जोडणारे रस्ते नाहीत, येणेजाणे विमानाने, होडीने वा गोठलेल्या नदीवरून, आणि केंद्राच्या उत्पन्नाचा फार मोठा हिस्सा महामंडळाकडून येत असे. अनुदान बंद झाल्यावर थोड्याच दिवसांत, ऑक्टोबरमध्ये, हालोंग या वादळाच्या अवशेषांनी त्याच टापूतील किपनुक व क्विगिलिंगोक ही गावे उद्ध्वस्त केली, घरे पायापासून उखडून वाहून गेली, आणि हजारावर माणसे विमानांनी हलवावी लागली. वादळाच्या त्या दिवसांत बातमी देण्याचे काम केंद्राने केले, पण त्यासाठी लागणारी माणसे पुढच्या वर्षी पगारावर राहतील की नाही हे तेथल्या व्यवस्थापकांना सांगता येत नव्हते.

धर्मादाय न्यासांनी काही कोटी डॉलरांचा निधी तातडीने उभा केला आहे, श्रोत्यांच्या देणग्याही वाढल्या. परंतु पूर येतो तेव्हा नदीकाठच्यांनाच आधी पाणी मिळते, तसा देणग्यांचा हा ओघही शहरांकडेच प्रथम वळला. म्हणून सरकारी अनुदान परत मिळवू पाहणाऱ्यांनी ते जुन्याच रूपात मागावे असे मला वाटत नाही. संचांवरील उत्पादनशुल्काची किलियन यांची योजना आता कालबाह्य झाली आहे, कारण ऐकणारा आणि पाहणारा स्वतंत्र संच विकत घेतोच असे नाही. जर्मनीने हे ओळखून २०१३ पासून संचावरची आकारणी सोडली आणि घरटी वर्गणी बसविली. ती किती असावी हे राज्यकर्ते नव्हे, तर एक स्वतंत्र आयोग हिशेब तपासून सुचवितो. २०२० मध्ये सॅक्सनी-आनहाल्ट या एका राज्याने महिन्याला ८६ सेंटांची वाढ अडवून धरली, तेव्हा जर्मनीच्या घटना-न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये असा निकाल दिला की प्रसारणस्वातंत्र्याला पुरेसे द्रव्य हा त्या स्वातंत्र्याचाच भाग आहे आणि ते एका राज्याच्या मर्जीवर अडवता येणार नाही. आणि १८ युरो ३६ सेंटांचा नवा दर न्यायालयाने स्वतःच लागू करून दिला. आपल्याकडे १९९० च्या कायद्याने आणि १९९७ पासूनच्या अंमलाने प्रसार भारतीला स्वायत्तता मिळाली, मात्र पगार अनुदानातून येतो. तिच्या हितचिंतकांनी हा जर्मन निकाल एकवार वाचण्यासारखा आहे.

जर्मनीतही सारे निर्वेध चालले आहे असे समजू नये. २०२५ पासून दर १८ युरो ९४ सेंट करावा ही आयोगाची पुढची शिफारस राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी अमलात आणली नाही, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथील दोन मोठ्या सार्वजनिक प्रसारणसंस्थांना पुन्हा कार्ल्सरूहच्या त्याच न्यायालयाकडे धाव घ्यावी लागली. फरक एवढाच की त्यांना धाव घेण्यासाठी न्यायालय आहे. बेथेलच्या केंद्राला सेनेटरची भेट मागावी लागते.